सगळ्या ऑफिसचं एकच कार्ड

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीत बसून सोकोरो तालेओन लोकांना दंड सांगायची आणि लोक दंड भरून हसत बाहेर पडायचे. फिलिपिन्समधल्या या इलोइलो शहराची बोलीच मुळात लाडीक. कुणी कुणाला झापत असलं तरी लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, पाळणा म्हणतायत. त्यात सोकोरोचा, म्हणजे सगळ्यांच्या कोरिंगचा, आवाज तर तुपात भिजवलेला. "मनोंग, दोन दिवस उशीर झाला हो, दहा टक्के जास्तीचे पडतील," असं ती म्हणाली (मनोंग म्हणजे दादा) की समोरच्याला वाटायचं, ही आपल्याला जेवायलाच बोलावतेय.

वय अठ्ठेचाळीस. लग्न केलं नाही, त्याची खंतही केली नाही. ला पाझ भागात आईवडिलांचं दोन खोल्यांचं घर होतं, तिथं एकटी राहायची. एकटी म्हणजे तरी काय, एकोणीस पोरांची ती धर्ममाता. ऑफिसात कुणाला मूल झालं आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वेळ आली की पहिलं बोलावणं कोरिंगला. नाही म्हणणं तिच्या हाडामासातच नव्हतं. दर डिसेंबरात एकोणीस पोरं रांगेनं दारात यायची, आशीर्वादासाठी तिच्या हाताला कपाळ लावायची आणि पैशांचं पाकीट घेऊन जायची.

तिचा हात चालायचा तो इबोस करण्यात. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात मुरवायचा, माडाच्या कोवळ्या पातीचा शंकू वळून त्यात भरायचा, बांधायचा आणि उकडायचा. शुक्रवारी ती पिशवीभर इबोस ऑफिसात न्यायची आणि दहा वाजायच्या आत पिशवी रिकामी. पिकल्या आंब्याबरोबर तो खाताना मोठे साहेबसुद्धा फायली बाजूला सारायचे. "मनांग, तुम्ही ही खिडकी सोडा आणि मंडईत बसा," असं जो तो म्हणायचा. मनांग म्हणजे ताई. कोरिंग हसायची. पण मनातल्या मनात ती तिथं कधीची बसलेली होती. ला पाझच्या मंडईत तांदळाच्या खाऊची जी रांग आहे, तिच्यात कोपऱ्यावरचा ओटा तिया बेबांगचा, म्हणजे बेबांगमावशीचा. चाळीस वर्षांचा. बेबांगला आता पंचाहत्तरी लागलेली, लेक समुद्रापलीकडे बाकोलोदला, आणि लेकीचा रोज फोन, आई इकडे ये. ओट्याचा हक्क बेबांग साठ हजार पेसोंना द्यायला तयार होती. दुसऱ्या कुणाला तिनं ऐंशी सांगितले होते. कोरिंगच्या हाताची चव तिला ठाऊक होती, म्हणून साठ.

आता कार्डाचं सांगायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी कोरिंग मॉलमध्ये छत्री घ्यायला गेली होती. दारातच एका बँकेचं टेबल होतं, टेबलामागं पावडर लावलेला पोरगा होता आणि पोराच्या पायाशी चाकांच्या बॅगा होत्या. क्रेडिट कार्ड घेतलं की बॅग फुकट. कोरिंगनं बॅग घेतली. कार्ड सोबत आलं, म्हणून तेही ठेवलं. प्रवासाला ती कधी गेली नाही. बॅगेत तांदूळ ठेवायची, उंदीर लागत नाही म्हणून.

पण ऑफिसातल्या चौदा जणांत कार्ड तिचं एकटीचं. बातमी फुटायला जेवणाची सुट्टीसुद्धा लागली नाही. दुकानात पाटी असते, बिनव्याजी बारा हप्ते, पण हप्ते फक्त कार्डवाल्याला. ज्याच्याकडे कार्ड नाही त्यानं ज्याच्याकडे आहे त्याला गाठायचं, दुकानात न्यायचं, त्याचं कार्ड घासायचं, आणि दर पगाराला त्याच्या हातात हप्ता ठेवायचा. इथं हे सर्रास चालतं. मिठाची वाटी मागावी तसं कार्ड मागतात. आणि मिठाला नाही म्हणणाऱ्या माणसाशी पुढं कोण बोलणार?

शेजारच्या चार नंबरच्या खिडकीत जोविता बसायची. तिच्या धाकट्या पोराची कोरिंग धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना 'मारे' म्हणायच्या. जोविताचा सोफा कोरिंगच्या कार्डावर आला. मीटर वाचायला फिरणाऱ्या रोहेलचा फ्रिज आला. मग कुणाचं धुण्याचं मशीन, कुणाच्या बहिणीचा फोन, साहेबांच्या सासूबाईंचा चष्मा. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या घरात कोरिंगची एखादी तरी सही होती.

पंधरा तारखेला आणि तीस तारखेला पगार. त्या दोन दिवशी कोरिंगच्या खिडकीत दोन रांगा लागायच्या. पुढून पाण्याचं बिल भरणारे, मागून हप्ता देणारे. ती प्रत्येकाला चिठ्ठी लिहून द्यायची, तारीख, रक्कम, सही. संध्याकाळी पर्स अशी फुगलेली असायची की कोरिंगची चालच बदलायची. एरवी जीपनीत, म्हणजे वडापच्या जीपमध्ये, कोंबून जाणारी बाई त्या दिवशी स्वतंत्र रिक्षा करायची. वाटेत धर्मलेकीच्या पदवीदानाला सँडल घ्यायची. कुणाचा वाढदिवस असला तर वास्तविक ज्याचा वाढदिवस त्यानं जेवण घालायचं, पण तो बिचारा अडचणीत असला तर कोरिंग म्हणायची, "असू दे, माझ्याकडे आहेत." आणि खरोखरच असायचे. पर्समध्ये नोटा दिसत होत्या ना.

कार्डाचं बिल भरायची तारीख बारा. तीसपासून बारापर्यंत तेरा दिवस. तेरा दिवसांत पर्स पुन्हा सपाट. मग बिलावर छापलेल्या रकमांपैकी जी सगळ्यात लहान, ती कोरिंग भरायची. तिच्या शेजारी 'किमान देय' असं लिहिलेलं असायचं आणि कोरिंगला ते वाचून बरं वाटायचं. बँकच म्हणतेय एवढे पुरेत, तर आपण कशाला जास्तीचा आगाऊपणा करावा?

मार्चच्या पहिल्या शनिवारी बेबांगनं तिला ओट्यावर बोलावून घेतलं.

"इंदाय, पोरी, लेकीनं बोटीचं तिकीट काढलंय माझं," बेबांग पात वळता वळता म्हणाली. "एक एप्रिलचं. तुझं काय ते ह्या म्हैन्यात कर. न्हाई तर तो पलीकडचा शेवयांच्या सूपवाला टपून बसलाय. ऐंशी रोख देतो म्हनतो."

"तिया, एकतीस तारखेला साठ हजार आणते. मोजून घ्या."

"तुझे पैसे मोजायची काय गरज? तू सरकारी खिडकीत बसतीस."

कोरिंग घरी आली ती हवेतच. तिचा हिशेब सरळ होता. बँकेत अठरा हजार साठलेले. आणि लोकांकडून कार्डाचे यायचे असतील चाळीस-पंचेचाळीस हजार. झाले की साठ. लोकांकडून नेमके किती यायचेत ते बघावं म्हणून तिनं कार्डाचं ताजं पाकीट काढलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच किमान देय सोडून वरच्या ओळीवर बोट ठेवलं. शहाऐंशी हजार चारशे बारा.

तिनं चष्मा पुसला. आकडा तसाच राहिला.

मग तिला राग आला. तिचा राग म्हणजे कसा, तर ती भाताचं भांडं जरा जोरात ठेवायची. शहाऐंशी हजार. म्हणजे लोक हप्ते बुडवतायत. आपण भिडेपोटी बोलत नाही, तर ही माणसं आपल्या डोक्यावर मिरी वाटतायत. तिनं ठरवलं, सोमवारी एकेकाला गाठायचं. आता भीडबीड काही नाही.

सोमवारी पहिला सापडला रोहेल. पान लावल्यासारखे केस बसवून जिन्यात उभा होता.

"रोहेल," कोरिंग म्हणाली, "फ्रिजचं बघ ना जरा. मला अडचण आहे रे."

तिनं हे आपल्या परीनं फार कडक म्हटलं होतं. रोहेलला वाटलं, फ्रिज बिघडलाय.

"का, मनांग? तुमचा पण बर्फ धरत नाही? मी माणूस पाठवतो."

"माझा नाही. तुझा. त्याचे हप्ते."

"फ्रिजचे?" रोहेलनं पाकिटातून चिठ्ठ्यांची चळत काढली. रबर लावून ठेवली होती. "मनांग, फ्रिज मागच्या ऑगस्टातच फिटला की. ह्या बघा बारा. आणि ही तेरावी. एक हप्ता तुम्ही जास्तच घेतलात."

"जास्त? मग बोलला नाहीस?"

"म्हटलं, मनांगला गरज असेल. तुम्ही आमच्यासाठी एवढं करता. मागायचं कसं?"

तेराही चिठ्ठ्यांवर सही कोरिंगचीच. ती दोन पायऱ्या खाली उतरली आणि पुन्हा दोन चढली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं जोविताला धरलं. जोविता ऐकत राहिली आणि मग तिनं खुर्ची जवळ ओढली.

"मारे, सोफा माझा नोव्हेंबरात फिटला. चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात आहेत, हव्या तर आणते. आपल्या नेनाच्या मशीनचंही फिटलं, मला माहितेय, कारण तिच्या नवऱ्यानं त्या दिवशी पार्टी मागितली होती आणि ती तूच दिलीस."

"मग शहाऐंशी हजार कुणाचे?"

"तेच बघू. रविवारी चर्चमधली मिसा झाली की तुझ्याकडे येते. सगळी पाकिटं काढून ठेव. आणि ऐक, खायला काही करू नकोस, नाहीतर नुसतं खात बसू."

कोरिंगनं तरी खायला केलंच. दोन वर्षांची पाकिटं टेबलावर मांडली. निम्मी उघडलेलीसुद्धा नव्हती. जोविता बिलावरची एकेक ओळ वाचायची आणि विचारायची, हे कोण? जे ऑफिसचं होतं त्यावर ती पेनानं बरोबरची खूण करत गेली. सोफा, फ्रिज, मशीन, चष्मा. सगळे आले होते, वेळेवर आले होते, रोख आले होते. राहिला होता फक्त रोहेलच्या बहिणीचा फोन, तोही तीन हप्ते, नऊशेचे, अजून तारीख न लागलेले.

"आता उरलेलं. हे कोण? सुपरमार्केट, चार हजार."

"मी. धर्मलेकरांचे नाताळचे डबे."

"हे कोण? बुटांचं दुकान."

"मी."

"सेबूचं विमान, दोन हजार सहाशे? तू सेबूला कधी गेलीस?"

"गेले नाही. तिकीट स्वस्त होतं."

जोवितानं पेन खाली ठेवलं. "आणि आम्ही जे हातात देत होतो ते?"

कोरिंग खिडकीबाहेर बघत राहिली. शेजारणीचं धुणं वाळत होतं. "ते मला माझेच वाटायचे, मारे," ती म्हणाली. "पगार वाढल्यासारखे. तुमचा सोफा कार्डावर, आणि सोफ्याचे पैसे माझ्या पर्समध्ये. मी दोन्हीकडून खाल्लं."

जोवितानं इबोस सोलला, अर्धा कोरिंगपुढं ठेवला. मग शेवटचं बिल उलटं करून त्याच्या पाठीवर तिनं आकडेमोड केली. महिन्याला तीन हजार किमान देय. त्यातले अडीच हजारांवर नुसतं व्याज. उरलेले चारशे काय ते मुद्दलातून जाणार.

"तू खिडकीत बसून लोकांना काय सांगतेस?" जोवितानं विचारलं. "सगळं बिल एकदम भरा, म्हणजे दंड लागणार नाही. दिवसातून चाळीस वेळा सांगतेस. मी शेजारी बसून ऐकते."

"पाण्याचं सांगते."

"पाण्याचंच सांगतेस, खरं."

त्याच आठवड्यात दुसऱ्याच एका बँकेच्या पोरीचा फोन आला. मॅडम, तुमच्यासाठी साठ हजारांचं कर्ज मंजूर आहे, दोन दिवसांत खात्यात. नेमके साठ. कोरिंगला वाटलं, देवाची आई मेणबत्तीला पावली. "विचार करून सांगते हां, बाळ," ती म्हणाली, इतक्या मायेनं म्हणाली की पोरीनं त्याचा अर्थ होकार धरला आणि पुढच्या चार दिवसांत नऊ फोन केले.

नवव्या फोनला जोविता शेजारी होती. तिनं हातानंच खूण केली, थांबव. फोन ठेवल्यावर म्हणाली, "घे. साठ हजार घे, ओटाही घे. फक्त मला सांग, सकाळी ओट्यावर इबोस विकणार आहेस का दोन बँकांचे फोन घेणार आहेस?"

"ओटा गेला तर परत मिळणार नाही, मारे. त्या रांगेतला ओटा माणूस मेल्याशिवाय सुटत नाही. बेबांग जिवंतपणी देतेय, हेच नवल."

"माहितेय मला."

"मग?"

"मग काय. मी तुझ्या जागी नाही. माझ्या घरात सोफा आहे."

त्या रात्री कोरिंगला झोप लागली नाही असं काही झालं नाही. ती गाढ झोपली, कारण तिला झोप यायचीच. सकाळी उठली, चाकांच्या बॅगेतून तांदूळ काढला, भिजत घातला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून कार्डाच्या बँकेत गेली. तिथल्या पोरगेल्या अधिकाऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, कार्ड बंद करू, व्याज कमी करून ठरावीक हप्ते बांधून देऊ. अठरा हजार साठलेले तिनं तिथंच भरले. पावतीवर उरले अडुसष्ट हजार चारशे बारा. महिना तीन हजार दोनशे वीस, चोवीस हप्ते.

"पुन्हा कार्ड लागलं तर?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"लागेल हो," कोरिंग म्हणाली. "मला नाही. तेरा जणांना."

ती बातमी ऑफिसात सांगणं सगळ्यात जड गेलं. तिला वाटलं होतं, लोक मागं बोलतील. बोललेही. पण साहेबांनी आपल्या सासूबाईंचा दुसरा चष्मा रोख घेतला आणि रोहेलनं तेराव्या हप्त्याचं नावसुद्धा काढलं नाही. कोरिंगनंच महिन्याभरात तो परत केला. रोहेल घेईना, तेव्हा तिनं पैसे त्याच्या खिशात कोंबले आणि वर चिठ्ठीवर त्याची सही घेतली.

एकतीस तारखेला, ओट्याच्या शेवटच्या दिवशी, ती रिकाम्या हातानं मंडईत गेली. खरं तर न जाता निरोप पाठवता आला असता. बेबांग चहाच्या कपाएवढ्या स्टुलावर बसून पाती चिरत होती. पलीकडं सूपवाला उभा होता, मोठ्या पातेल्याआडून इकडंच बघत.

"तिया, पैसे नाहीत."

"उद्या आन."

"उद्याही नाहीत. दोन वर्षं नाहीत."

बेबांगनं सुरी थांबवली. "कुनी खाल्ले?"

"मीच."

"जुगार?"

"नाही हो. कार्ड." आणि तिनं सगळं सांगितलं. सोफा, फ्रिज, सँडल, न गेलेली सेबूची वारी. सांगताना नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिच्या आवाजातलं तूप जरा आटलेलं होतं. बेबांग ऐकत होती आणि पाती चिरत होती. कोरिंगचं बोलणं संपलं तरी ती चिरतच राहिली. सूपवाला चार पावलं पुढं आला.

"म्हंजे तुला सगळ्यांनी दिलं आन् तू सगळ्यांवर उडवलं," बेबांग शेवटी म्हणाली.

"हो."

"आन् बँकेला आता दर म्हैन्याला देनार."

"तीन हजार दोनशे वीस."

"पगारातनं?"

"पगारात आता आणखी भोक पडायला जागा नाही, तिया."

बेबांगनं पातीचा गठ्ठा तिच्यासमोर टाकला. "तासाला किती बांधतीस?"

"साठ. चांगली पात असली तर सत्तर."

"बस मग. शनवार-रविवार निम्मा ओटा तुझा. दिवसाला शंभर पेसो भाडं, ओटा बंद करायच्या आधी माझ्या हातात. रोख. उद्या देते म्हनशील तर दुसऱ्या दिवशी येऊ नगस. बँकेचं फिटू दे, मग साठांचं बघू."

"आणि तुमचं तिकीट? उद्याची बोट?"

बेबांगनं सूपवाल्याकडं एकदा बघून घेतलं. "त्याच्या पातेल्याची वाफ माझ्या भिंतीला लागली असती," ती म्हणाली. एवढंच.

तेव्हापासून कोरिंग शनिवारी पहाटे तिथं असते. पहिल्या दिवशी तिनं दोनशे इबोस आणले आणि आठच्या सुमाराला संपवले. गिऱ्हाइकाला ती अजूनही इतक्या गोडीत बोलते की लोक एक घ्यायला येतात आणि सहा घेऊन जातात. धर्मलेकरं येतात, कपाळ हाताला लावतात, आणि पाकिटाऐवजी एकेक इबोस खाऊन जातात. थोरल्यानं तक्रार केली, तेव्हा कोरिंगनं त्याला पाती पुसायला बसवलं. संध्याकाळी शंभर बेबांगच्या हातात, उरलेले घरी. त्यातला बँकेचा हप्ता आठ तारखेलाच ती भरून येते, बारा तारखेची वाट बघत नाही. ऑफिसातले आता कुठलं दुकान विनाकार्डाचे हप्ते देतं याची चौकशी करतात. कुणी कुणी अजून विचारतं, मनांग, कार्ड सुरू झालं का? "चोवीस महिन्यांनी विचार हां," ती सांगते, "तेव्हाही नाही म्हणेन."

बाकोलोदहून बेबांगच्या लेकीचा फोन येतो तो नेमका गर्दीच्या वेळी. बेबांग तो कानाशी धरून ओरडत बोलते, कारण समुद्रापलीकडं ऐकू जायला हवं.

"अगं, कशी येऊ मी?" परवा ती म्हणत होती. "हिचे अजून बावीस हप्ते ऱ्हायलेत. ही एकटी काय करनार हितं?"

"तिया," कोरिंग शेजारून हळूच म्हणाली, "हप्ते माझे आहेत. तुम्ही खुशाल जा."

बेबांगनं फोनवर तळहात ठेवला.

"तू गप ऱ्हा. आन् ती पात सैल बांधलीस, सोड आन् परत बांध."